बाळाच्या टाळूखाली

पानिपत म्हटले की मराठी मनासमोर १७६१ सालची संक्रांत उभी राहते. आजचे पानिपत हे हातमाग आणि घोंगड्या यांसाठी नावाजलेले हरियाणातील एक गजबजलेले शहर आहे. येथून दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरांवर दिल्ली, तर उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरांवर चंडीगड. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ साली स्थापन झाली. चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था १९६२ साली. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर वाढती गाठ दिसली, म्हणजे या भागातील आई त्याला पदराखाली घेऊन यांपैकी एका संस्थेची वाट धरते. तिने ती वाट किती लवकर धरली, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

प्रथम एक दिलासा. अर्भकाच्या डोक्यावरील बहुतेक गाठी अर्बुदाच्या नसतात. प्रसूतीच्या वेळी दाब पडून कवटीच्या आवरणाखाली रक्त साचते व फुगवटा येतो. काही आठवड्यांत तो बहुधा आपोआप विरतो. जो फुगवटा बाळ रडू लागताच ताणला जातो, तो मात्र निराळा. कवटीतील छिद्रातून मेंदूचे आवरण बाहेर आलेले असण्याचा संभव असतो. अशा गाठीला सुई टोचणे, ती चोळणे किंवा डागणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

खरी अर्बुदे थोडी, पण त्यांची चाल वेगळी. त्यांपैकी एकाचे वर्णन क्रोंपेखर या हंगेरियन वैद्याने १९१८ साली केले. पहिल्या वर्षातच प्रकट होणारी, रंगद्रव्यामुळे काळपट दिसणारी ही गाठ बहुधा वरच्या जबड्यात आणि क्वचित कवटीत उगवते. स्वभावाने ती सहसा सौम्य; परंतु वाढते इतक्या झपाट्याने की पाहणाऱ्याला ती कर्करोगच वाटावी. संपूर्ण काढणे हाच तिच्यावरील मुख्य उपाय. काही बालकांत ती पुन्हा उद्भवते. म्हणून टाके सुकल्यावरही तपासणी चुकवून चालत नाही.

अर्भकाची कवटी ही मोठ्या माणसाच्या कवटीची लहान प्रत नव्हे. तिची हाडे अद्याप सांधलेली नसतात. समोरची टाळू साधारणपणे दीड वर्षाच्या सुमारास भरून येते. त्यामुळे आत गाठ वाढली तरी कवटी थोडी सैल होऊन तिला जागा करून देते, आणि रोग लपून राहतो. जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षअखेर ४६ च्या आसपास जातो. तो याहून फार वेगाने वाढला, शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगीर व ताठ लागली किंवा वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नसतात.

शस्त्रक्रियेतील सर्वांत मोठे संकट रक्ताचे. पाच किलो वजनाच्या बाळाच्या अंगात अवघे ४०० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे एक रक्तदाता एका वेळी देतो जवळपास तेवढेच. डोक्याची कातडी आणि गाठ दोन्ही रक्ताने भरलेली. प्रौढाला न जाणवणारा स्राव येथे प्राणघातक ठरू शकतो. म्हणून जुळणारे रक्त आधीच तयार ठेवतात, हरवलेला प्रत्येक थेंब मोजतात आणि बाळ गारठू नये यासाठी शस्त्रक्रियागृह ऊबदार राखतात. कवटी पातळ असल्याने ती खिळ्यांनी पकडता येत नाही. डोके मऊ गादीवर टेकवावे लागते. तीन वर्षांखालील मुलाच्या वाढत्या मेंदूला क्षकिरणांचे उपचार बाधक ठरतात. म्हणून ते शक्यतो टाळतात, आणि साहजिकच शस्त्रवैद्याच्या हातावरील भार वाढतो.

निसर्गाने एक सवलतही दिली आहे. पहिल्या वर्षात मेंदूवरील जाड आवरणाला नवे हाड निर्माण करण्याची शक्ती असते. गाठीबरोबर हाडाचा तुकडा काढावा लागला, तरी ते आवरण शाबूत असेल तर पोकळी पुष्कळदा भरून येते. वय वाढते तशी ही शक्ती ओसरते.

कवटीच्या तळाशी दडलेली गाठ याहून अवघड. २०२१ साली चंडीगडच्या संस्थेत सोळा महिन्यांच्या एका बालिकेची अशी गाठ दुर्बिणीच्या साहाय्याने नाकावाटे काढण्यात आली. इतक्या लहान नाकपुडीतून आणि अपरिपक्व हाडांतून वाट काढणे किती नाजूक, हे सांगावयास नको. ही गाठ दृष्टीवर दाब देत होती. बाळ नेहमीसारखे पाहत नाही, खुणेला हसत नाही, ही शंका अशा वेळी घरातच प्रथम येते.

महाराष्ट्रातही परळला १९२९ चे वाडिया बालरुग्णालय आणि १९४१ चे टाटा स्मारक रुग्णालय आहे. तथापि तेथवर पोहोचण्यापूर्वीची पहिली तपासणी न्हाणीघरातच होते. आपल्याकडे तेल घालून बाळाची टाळू भरण्याची जुनी चाल आहे. टाळूवरून रोज फिरणारा तो हात गाठ सर्वांच्या आधी ओळखतो. फक्त त्या हाताने तिच्यावर लेप न थापता बाळाला उचलून वैद्याकडे न्यावे.