महाकपींमधील ध्वनिसंप्रेषण

चिंपँझी, गोरिला, ओरँगउटान इ. महाकपींचा हाकांद्वारे होणारा परस्परव्यवहार. महाराष्ट्रात महाकपी नाहीत. मेळघाटात वाघ दिसताच खोकल्यासारखी हाक देणारा वानर हा माकड असून त्याची हाक मुख्यत्वे उपजत असते. महाकपींच्या हाकांवर मात्र टोळीचाही ठसा उमटतो. आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यात शेजारशेजारच्या चिंपँझी टोळ्यांच्या दूरवर पोहोचणाऱ्या हाकांत भेद आढळले (२००४). आनुवंशिकता वा अधिवास यांवरून त्यांचा उलगडा होत नाही. बोर्निओच्या काही भागांतील ओरँगउटान धोक्याचा चुंबनसदृश आवाज काढताना तोंडाशी पाने धरतात. त्यामुळे स्वर खालावतो. यास ‘संस्कृती’ म्हणण्याबाबत मतभेद आहेत. ‘परंपरा’ ही संज्ञा अधिक निर्धोक होय. चिंपँझींच्या १४४ समूहांच्या अभ्यासात (२०१९) मानवी उपद्रव जेथे अधिक, तेथे वर्तनवैविध्य कमी आढळले. ही नोंद प्राणी शिल्लक असलेल्या ठिकाणांचीच आहे.