अभंगाची मोजणी, यमक आणि ध्रुवपद

मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. लघु-गुरूंचे बंधन नाही. अक्षरे तेवढी मोजायची, आणि एखादे कमी-जास्त झाले तरी गाताना ते लांबवून वा आखडून सावरून घेता येते. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाअखेर जुळते. चौथा चरण यमकाविना सुटतो, आणि या रचनेचे खरे बळ त्या आखूड चरणातच आहे: तिथे गती थांबते, अर्थ ठसतो. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात.

तुलनेसाठी इंग्रजी बॅलड हा गीतप्रकार घेतला, तर त्यात अक्षरांऐवजी आघात मोजतात, सामान्यतः चार आणि तीन असे आलटून-पालटून. यमक दुसऱ्या-चौथ्या ओळीला. अभंगातल्या ध्रुवपदासारखे पालुपद तिथेही पुष्कळदा असते.

अभंगाचे ध्रुवपद गाताना पुन्हा पुन्हा घेतले जाते. पौष वद्य एकादशीला नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत दिंड्या गातात, तेव्हा टाळकरी तेच उचलून धरतात. अभंग पाठ नसलेल्यालाही त्यामुळे सामील होता येते. अखेरच्या चौकात बहुधा संतकवीची नाममुद्रा येते.