आवाजासाठी गाडीचा ‘कॅट’ काढताय? चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर त्याची किंमत कोण मोजतं?

रात्रीचा मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आणि मधून गर्जना करत जाणारी स्पोर्ट्स कार. असे रील्स भरपूर पाहिले जातात. अनेकदा तो आवाज कंपनीने दिलेला नसतो. गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्या जागी सरळ पाइप बसवलेला असतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘डिकॅट’ किंवा ‘स्ट्रेट पाइप’ म्हणतात.

चंद्रपूर-मूल किंवा आलापल्ली-सिरोंचा अशा जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर हा बदल नुसत्या हौसेपुरता राहत नाही. तो कसा, हे समजून घेऊ.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे काय?

इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये बसवलेला हा धातूचा डबा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून निघालेला धूर या जाळीतून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचे अंश जळून जातात आणि नायट्रोजन ऑक्साइडचं पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होतं.

चांगला कन्व्हर्टर पुरेसा तापला की या वायूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग साफ करतो. याचा हिशेब उलटा मांडून पाहा. जिथे १०० पैकी १० भाग बाहेर पडत होते, तिथे डबा काढल्यावर सगळे १०० बाहेर पडतात. म्हणजे एकच गाडी दहा गाड्यांइतकी घाण सोडू लागते.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं असलेल्या पेट्रोलने कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून त्यासोबत शिसेविरहित पेट्रोलही आलं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले ‘बीएस-६’ निकष कन्व्हर्टरशिवाय पाळणं पेट्रोल कारला शक्यच नाही.

मग लोक तो काढतात का?

कारणं दोन : आवाज आणि ताकद. जाळी गेली की धुराचा अडथळा कमी होतो, आवाज मोकळा होतो आणि टर्बो गाडीत थोडी ताकद वाढते. पण आजचे कन्व्हर्टर पूर्वीइतका अडथळा करत नाहीत. त्यामुळे इंजिनाचं सॉफ्टवेअर न बदलता नुसता पाइप टाकला, तर हाती येतो तो मुख्यतः आवाज.

शिवाय कन्व्हर्टरच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. मागच्या सेन्सरला धूर साफ झालेला दिसला नाही की डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. मग सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून तो दिवा बंद केला जातो. पुढे खरोखर काही बिघडलं, तरी गाडी ते सांगेलच असं नाही.

जंगलात फरक काय पडतो?

पहिला मुद्दा कानांचा. ताडोबात गाइड वाघ शोधतात ते बऱ्याचदा कानांनी. चितळ, सांबर आणि वानर यांच्या इशाऱ्याच्या हाका, म्हणजेच ‘कॉल’, ऐकून. सफारी करणाऱ्यांसाठी ती हौस असेल, पण पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदूपाने तोडणाऱ्या आणि सरपण आणणाऱ्या माणसांसाठी तीच हाक जीव वाचवणारी सूचना असते. चंद्रपूर आणि गडचिरोलीत वाघांच्या हल्ल्यात माणसं मरतात. अशा ठिकाणी कर्कश पाइपचा आवाज नेमकी ऐकायला हवी ती हाक गिळून टाकतो.

दुसरा मुद्दा आगीचा. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जमिनीवर सागाच्या वाळलेल्या पानांचा थर असतो. ‘पॉप्स अँड बँग्स’ म्हणून मिरवला जाणारा फटाक्यासारखा आवाज म्हणजे एक्झॉस्टमध्ये पेटलेलं पेट्रोल. कधीकधी पाइपच्या तोंडातून ज्वाळाही निघते. मात्र हेही लक्षात ठेवा की कन्व्हर्टर स्वतःसुद्धा प्रचंड तापतो. त्यामुळे तो असो वा नसो, वाळलेल्या पानांवर किंवा गवतावर गाडी उभी करूच नये.

तिसरा मुद्दा हवेचा. औष्णिक वीज केंद्र आणि कोळसा खाणींचं चंद्रपूर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये होतं. ‘एवढ्या चिमण्या असताना माझ्या एका गाडीने काय होतं?’ हा प्रश्न म्हणूनच पटण्यासारखा वाटतो. पण चिमणीचा धूर उंचावर सुटतो, गाडीचा धूर चौकात उभ्या असलेल्या मुलाच्या नाकाशी.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. असा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी आणि हवा प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९० लागू होतं : पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय ३ महिन्यांसाठी लायसन्स अपात्र.

‘पीयूसी आहे ना!’ हा बचाव इथे चालत नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही. आवाजही नाही. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलावर बोट ठेवलं, तर क्लेम अडकू शकतो तो वेगळाच.

गॅरेजमध्ये कोणती काळजी घ्यावी?

आतल्या धातूंमुळे कन्व्हर्टर महागडा असतो. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चोरीला गेले, ते याच धातूंसाठी. त्यामुळे सायलेन्सरचं काम केल्यावर जुना भाग परत मागून घ्या. जुनी गाडी विकत घेताना ती लिफ्टवर चढवून कन्व्हर्टर जागेवर आहे का, ते बघा. आधीच्या मालकाने तो काढलेला असेल, तर पुढचा दंड आणि नव्या कन्व्हर्टरचा खर्च तुमच्या माथी येतो.

आणि आधीच पाइप बदलला असेल, तर मूळ भाग पुन्हा बसवता येतो. तो गॅरेजवाल्याकडे भंगारात जाण्याआधी घरी आणा.