पंधरा मिलिग्रॅमचा थर

लहान मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असते, तेव्हा तिच्या रिमच्या कडेवरच्या प्रत्येक कणाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे शंभरपट जोर बाहेर फेकू पाहतो. रिमवर स्प्रेने मारलेला रंगही त्यातून सुटत नाही. मग तो टिकतो कसा? हिशेब मांडला की थक्क व्हायला होतं. चार-पाच हातांचा सुकलेला थर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो. एका चौरस सेंटिमीटरवर त्याचं वजन भरतं साधारण १५ मिलिग्रॅम. त्याच्या शंभरपट म्हणजे दीड ग्रॅम! नीट धरलेला प्रायमर तेवढ्याच जागेवर कित्येक किलोंची ओढ पेलतो. वेगाची रंगाला फिकीरच नाही. पोपडे निघतात ते धातू आणि रंग यांच्या सांध्यातून पाणी शिरल्यामुळे, आणि त्या पाण्याला वाट बहुतेक वेळा डबा हातात घेण्याआधीच करून दिलेली असते.

ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क घासून लोखंडाचे तापलेले बारीक कण उडतात. ते रिमला चिकटतात आणि ओल लागली की जागच्या जागी गंजतात. शाम्पूने धुतलेली रिम स्वच्छ दिसते खरी, पण तिच्यावर आयर्न रिमूव्हर मारून मिनिटभर थांबावं. चकचकीत रिमवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाला पकडतं आणि रंग बदलतं. जिथे जांभळं, तिथे लोखंड. केस कुरळे करायच्या लोशनमध्येही याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वासही तसाच उग्र.

दुसरा शत्रू अजिबात दिसत नाही. टायर पॉलिशमधलं सिलिकॉन रिमवर उडालेलं असतं. त्यावर रंग पडला की तो मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उरतात. हे आधी ओळखायची एक परीक्षा मला फार आवडते, कारण तिला कुठलंही यंत्र लागत नाही. पुसून झालेल्या रिमवर स्वच्छ पाणी ओतायचं. पाणी अखंड पडद्यासारखं पसरून राहिलं तर धातू खरंच स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झालं, तर तेल किंवा मेण अजून आहे. काही रेणूंच्या जाडीचा तेलकटपणासुद्धा पाणी असं उघडं पाडतं.

मग ३२० ते ४०० नंबरचा पॉलिश पेपर. त्याच्या ओरखड्यांत प्रायमर रुततो, धरायला जागा वाढते. अलॉय रिमची आणखी एक गंमत आहे. घासून उघडं पडलेलं ॲल्युमिनियम हवेतला ऑक्सिजन घेऊन क्षणात स्वतःवर ऑक्साइडची काही नॅनोमीटरची साय धरतं. तिच्याशी जमवून घ्यायला फॉस्फोरिक ॲसिड असलेला एच प्रायमर लागतो. साध्या लोखंडी रिमला गंजरोधक प्रायमर पुरतो, पण पावसाळी हवेत घासलेलं लोखंड काही तासांतच तांबूस पडतं, म्हणून त्याच दिवशी प्रायमर द्यावा.

आता डबा. अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी १९४९ मध्ये रंग आणि दाबाखालचा वायू एका डब्यात आणला. कल्पना पत्नी बॉनी यांची. आत वायू द्रवरूपात असतो. बटण दाबताच तो उकळतो आणि रंगाच्या चिंधड्या करून त्याचे सूक्ष्म थेंब उडवतो. उकळायला लागणारी उष्णता तो डब्यातूनच घेतो, म्हणून हात गार पडतो. रिमपर्यंतच्या २०-२५ सेंटिमीटरच्या प्रवासात थेंबातलं बरंचसं सॉल्व्हंट उडतं. डबा लांब धरला तर थेंब सुकून भुकटी बसते, जवळ धरला तर ओघळतात. दमट हवेत सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग इतका थंड होतो की हवेतली वाफ रंगावरच दवासारखी धरते आणि चकाकी पांढुरकी होते. कोकणातल्या जुलैत हे काम काढूच नये.

हात पातळच द्यावेत. एनॅमल वरून तासाभरात सुकलेलं वाटतं, पण आत त्याचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेत दिवसच्या दिवस एकमेकांना बांधत असतात. अर्धवट बांधलेल्या थरावर नवा हात पडला की खालचा फुगतो, सुरकुत्या येतात. म्हणून पुढचा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेतच द्यावा, ती चुकली तर सगळं पुरतं घट्ट होऊ द्यावं.

शेवटी क्लिअर कोट, आणि इथे मी टू-के प्रकाराच्या बाजूचा आहे. डब्याच्या बुडाशी असलेलं बटण दाबलं की आतली कुपी फुटून हार्डनर मिसळतो. त्यातून तयार होणारं जाळं पेट्रोलला, आणि साधा रंग सहज विरघळवणाऱ्या ब्रेक ऑइललाही, सहजासहजी दाद देत नाही. मात्र डबा एक-दोन दिवसांत संपवावा लागतो. त्यातली आयसोसायनेट्स फुप्फुसांना घातक असतात. फडक्याचा मास्क कुचकामी, योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा हवीच.

नट बसतात त्या खाचा आणि रिमची हबला टेकणारी मागची बाजू मात्र मास्किंग टेपने झाकून कोरडी ठेवावी. तिथे रंग गेला तर तो दाबाखाली चेपतो आणि आवळलेला नट ढिला पडतो. चाक चढवून ५०-१०० किलोमीटर झाले की टॉर्क रेंचने सगळे नट पुन्हा तपासावेत.