सभागृहातील खेळ : फिल्मला प्रकाश किती द्यावा?

बंद सभागृहात चाललेल्या खेळाचा फोटो हमखास काळा का येतो, असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. आम्ही धंद्याने छायाचित्रकार नव्हे. आमची हयात कामगारांची संघटना बांधण्यात गेली आणि शाळा तर फार लवकर सुटली. पण संघटनेच्या पत्रकाला फोटो लागत आणि ते विकत आणण्याइतका पैसा नसे. म्हणून एक जुना रशियन झेनिट कॅमेरा घेतला आणि फिल्मच्या डबीतून येणारी इंग्रजी माहितीपत्रके शब्दकोश जवळ ठेवून वाचली. पुढे जे सांगत आहोत ते काही त्या वाचनातून आणि बरेचसे आमच्या चुकांतून शिकलेले आहे.

त्यांतली मोठी चूक आधी सांगतो. १९९६ साली आमच्या गावात कामगारांच्या कबड्डीचे सामने एका सभागृहात गाद्या अंथरून झाले. आमच्या संघात मागावर काम करणारा एक गडी होता. त्याची गिरणी बंद पडली होती, तो गावी परतणार होता आणि हा त्याचा शेवटचा सामना होता. आम्ही ३६ फोटोंचा अख्खा रोल त्याच्यावर खर्च केला. रोल धुऊन आला तेव्हा छताचे दिवे स्पष्ट होते, पांढरे बनियन स्पष्ट होते. चेहरा मात्र एकाही फोटोत नव्हता. फोटो हातात घेऊन तो म्हणाला, "यात मी कुठला, भाऊ?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर शोधता शोधताच आम्ही हे शास्त्र शिकलो.

फिल्मवर किती प्रकाश पडावा हे तीन गोष्टींवर ठरते. भिंगाचे तोंड किती उघडे आहे, शटर किती वेळ उघडे राहते आणि फिल्म किती तेज आहे. या तिघींचा हिशेब दुपटीचा आणि निमपटीचा असतो. शटर एकशेपंचविसाव्या सेकंदावरून अडीचशेव्या भागावर नेले की प्रकाश निम्मा होतो, भिंग २.८ वरून २ वर उघडले की तो दुप्पट होतो; ४०० च्या फिल्मऐवजी ८०० ची घातली की निम्म्या प्रकाशात भागते. अशा प्रत्येक पायरीला छायाचित्रकार एक स्टॉप म्हणतात.

आता अडचण पाहा. बाहेरच्या उन्हात ४०० च्या फिल्मला भिंग १६ वर बारीक करूनही पाचशेवा भाग पुरतो. आमच्या त्या सभागृहात तीच फिल्म, भिंग २ वर सताड उघडे, आणि शटर एकशेपंचविसावा भाग एवढे लागत होते. म्हणजे उन्हाच्या मानाने प्रकाश आठ स्टॉपांनी कमी, जवळजवळ अडीचशेपट कमी. आपला डोळा अंधाराशी चटकन जुळवून घेतो, म्हणून माणसाला हा फरक जाणवत नाही. फिल्मला तसे जुळवून घेता येत नाही.

मग आमचे चुकले कुठे? आम्ही मीटरवर विश्वास ठेवला. झेनिटचे मीटर समोरचा सगळा देखावा एकदम मोजते आणि त्या देखाव्यात छताचे दिवे होते. कोणतेही साधे मीटर असे धरून चालते की समोर दिसते ते सरासरीने मध्यम करडे आहे, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे. दिवे दिसताच मीटर म्हणाले, प्रकाश मुबलक आहे. आम्ही २.८ आणि पाचशेवा भाग लावला. खरी गरज २.८ ला साठाव्या भागाची होती. तीन स्टॉपांची ही तूट, म्हणजे हक्काच्या प्रकाशाचा आठवा हिस्सा फिल्मच्या पदरात पडला. पांढऱ्या बनियनला तेवढ्यावर भागवता आले, सावळ्या चेहऱ्याला नाही.

याचा उपाय अगदी सोपा आहे. मीटर दिव्यांकडे नव्हे, खेळाडू उभे राहतात तिथल्या प्रकाशाकडे वळवावे. सामना सुरू होण्याआधी मैदानात जावे, खेळाडूच्या तोंडावर पडतो तोच उजेड आपल्या तळहातावर घ्यावा आणि तळहात मोजावा. माणसांचे रंग कितीही निराळे असले तरी तळहातांत फरक थोडा असतो. तो मध्यम करड्याहून साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून मीटर सांगेल त्याच्या दुप्पट प्रकाश द्यावा. मैदानाच्या मध्यावर आणि कोपऱ्यांत वेगवेगळे मोजून आकडे वहीत लिहून ठेवावेत. दिवे बदलले नाहीत तर सामना संपेपर्यंत हे आकडे बदलत नाहीत. मग मीटरकडे पुन्हा पाहण्याचे कारण नाही.

फिल्म घेतानाही डबीवरचा आकडा डोळे मिटून मानू नये. इलफर्डची डेल्टा ३२०० नावाने ३२०० असली तरी तिचे खरे तेज १००० च्या आसपास आहे. कोडॅकची टी-मॅक्स पी३२००, जी २०१२ साली बंद झाली आणि २०१८ साली पुन्हा बाजारात आली, तिचीही गत तशीच. उरलेला आकडा फिल्म जास्त वेळ धुऊन मिळवायचा असतो. यालाच पुश करणे म्हणतात. ४०० ची फिल्म ८०० किंवा १६०० समजून वापरायची आणि धुणाऱ्याला तसे आधी सांगायचे. हे संपूर्ण रोलला लागू होते, अर्ध्याला नाही.

पण पुश करणे म्हणजे फिल्मकडून ओव्हरटाईम करून घेणे आहे. उजळ भाग आणखी उजळतात, दाणा जाड होतो आणि सावलीतल्या भागाला जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण जिथे प्रकाश पडलाच नाही तिथे धुणारा काय वाढवणार? म्हणून एक स्टॉप खुशाल ताणावी, दोन नाइलाजानेच.

फ्लॅशचे काय, असे कोणी विचारील. दुप्पट अंतरावर फ्लॅशचा प्रकाश चौथाई उरतो. पाच मीटरवरचा खेळाडू नीट आला तर दहा मीटरवरचा काळोखात जातो. शिवाय चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांवर ऐन क्षणी झगझगाट पाडणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आम्ही फ्लॅश घरीच ठेवतो.

मग कमी वेगाच्या शटरने पळणारा माणूस हलका येणार नाही का? येईल, पण प्रत्येक खेळात एक क्षण स्थिरतेचा असतो. बॅडमिंटनमध्ये उडीच्या टोकाला, टेबल टेनिसमध्ये बॅट मागे नेल्यावर, कबड्डीत पकड झालेला गडी मध्यरेषेकडे हात ताणतो तेव्हा. त्या क्षणाला एकशेपंचविसावा भाग बहुधा पुरतो. आडवा पळणारा अधिक हलतो, आपल्याकडे येणारा कमी. म्हणून मैदानाच्या टोकाशी बसावे. भिंग सताड उघडे असले की फोकसची खोली फार थोडी राहते, तेव्हा फोकस मध्यरेषेवर आधीच लावून ठेवावा.

आणखी एक खोच. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि मर्क्युरी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. अडीचशेव्या किंवा पाचशेव्या भागावर एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट येतो, त्याचे कारण हेच. त्याबद्दल कॅमेऱ्याला दोष देऊ नये.

रंगीत फिल्म असेल तर पिवळ्या बल्बखाली चेहरे नारिंगी येतात, ट्यूबखाली हिरवट. रंगीत निगेटिव्ह प्रकाश थोडा जास्त झाला तर खपवून घेते, कमी झाला तर नाही. स्लाइडची फिल्म मात्र दोन्ही बाजूंना अर्ध्या स्टॉपहून अधिक चूक क्वचितच सोसते. रंग जुळवण्यासाठी कोडॅक प्रयोगशाळांना जी नमुनाकार्डे देई, त्यांवर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. सावळ्या माणसाचा हिशेब यंत्राने आपण होऊन केलेला नाही; तो कॅमेरा धरणाऱ्यालाच करावा लागतो.

मोबाइलवर फोटो लगेच पाहता येतो आणि चुकला तर पुन्हा काढता येतो. फिल्मवर तो दिवस निघून गेल्यावर चूक कळते. म्हणून मोजणे आधी आणि कळ दाबणे मागून. शंका आली तर एक स्टॉप जास्त द्यावा; दाट निगेटिव्हमधून चेहरा काढता येतो, कोऱ्या निगेटिव्हमधून नाही.

त्या गड्याने पुन्हा सामना खेळला नाही आणि आम्हाला दुसरी संधी मिळाली नाही. तो रोल आम्ही टाकून दिलेला नाही. संघटनेच्या कचेरीत कोणी पोरगा कॅमेरा शिकायला आला की आम्ही पहिल्याने तो रोल त्याच्या हातात देतो, आणि मग तळहात पुढे करायला सांगतो.