सुई टोचून घेण्याआधी

सांधे दुखले की आपल्याकडे त्याला सरसकट ‘वात’ म्हणतात. पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो, तो वयोमानाच्या झिजेचा आजार नव्हे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन-तीन पटींनी अधिक आढळतो. माझ्या थोरल्या वहिनींची बोटे सकाळी तास-दीड तास वळत नसत. चाळिशीतच त्यांचे भाकरी थापणे सुटले.

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी सूज आटोक्यात येईना, तेव्हा डॉक्टरांनी अॅडालिमुमॅब या इंजेक्शनचे नाव काढले आणि घरात सारेच धास्तावले. मी शिकवतो मराठी. तरी शक्य तेवढे वाचून काढले.

आपल्या शरीरात सूज भडकवणारे टीएनएफ नावाचे एक प्रथिन असते. ते अडवले तर सांधे निवतात, हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रवींदर मैनी यांनी १९९२ पासूनच्या चाचण्यांत दाखवून दिले. अॅडालिमुमॅब तेच काम करते. अमेरिकेत त्याला २००२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये त्याची स्वस्त भारतीय आवृत्ती आणली. साधारणपणे दर पंधरा दिवसांनी ४० मिलिग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचतात. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे, मात्र गोठू द्यायचे नाही.

पण वाचकहो, खरी गोष्ट पुढेच आहे. हेच टीएनएफ क्षयाच्या जंतूंना शरीरात कोंडून ठेवते. ते अडवले की निद्रिस्त क्षय जागा होऊ शकतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, क्षयाची त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी आणि काविळीच्या ‘बी’ विषाणूची तपासणी करतात.

“घरात कुणाला क्षय होता का?” असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा वहिनी गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “माझ्या वडिलांना होता.” लग्नाला वीस वर्षे झाली, पण सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हते. तपासणीत निद्रिस्त क्षय निघाला. आधी त्यावरची प्रतिबंधक औषधे महिनाभर दिली, मगच इंजेक्शन सुरू झाले. ती औषधेही पुढे पूर्ण करायला लावली.

आज वहिनी स्वतः वेणी घालतात. आजार मुळातून गेलेला नाही. बारीक ताप, खोकला आला तरी डॉक्टरांना कळवावे लागते. आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर इंजेक्शनची किंमत जरूर विचारा. पण त्याआधी घरातला जुना क्षय डॉक्टरांपासून लपवू नका. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.