दुसऱ्या किल्लीची तजवीज

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली दरवाजाशी, पहाटेच्या अंधारात स्वतःची मोटार उभी करून भाड्याच्या उघड्या जिप्सीत चढणाऱ्या प्रवाशाच्या चित्तात वाघावाचून दुसरा विषय नसतो; आणि म्हणूनच, खाचखळग्यांतून हिंदकळणाऱ्या त्या वाहनात कधी उठून, कधी वाकून, कधी दुर्बीण डोळ्यांस लावून तो दोन्ही बाजूंची झाडी धुंडाळीत असता, सदऱ्याच्या खिशातील किल्ली केव्हा निसटून सागाच्या पाचोळ्यात पडली, याचा त्यास पत्ताही लागत नाही. मागे फिरून शोध घ्यावा म्हटले, तर अभयारण्यात वाहनातून खाली पाऊल ठेवण्यास मनाई आहे. सोबतचा गाईड कितीही सहृदय असला तरी त्या नियमात सूट देणे त्याच्या अखत्यारीतले नाही. तेव्हा शोध घ्यायचा तो बसल्या जागेवरून, केवळ नजरेने, आणि तोही फेरीची वेळ संपण्याच्या आत.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत किल्ली गहाळ होण्यास अशी स्थळे पुष्कळ आहेत. महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्यास उत्तरवाहिनी वैनगंगेत स्नानास उतरलेल्या भाविकाची किल्ली वाळूत जाते. रोवणीच्या दिवसांत बांधीवर उभ्या असलेल्या मालकाची किल्ली चिखलात जाते. आणि चैत्रात महाकालीच्या यात्रेस चंद्रपुरात जो जनसंमर्द लोटतो, त्यात तर किल्ली पडली की कोणी काढून घेतली, हेही निश्चित सांगता येत नाही. मुंबई-पुण्यातील मनुष्यास अशा वेळी दूरध्वनी करून कारागीर बोलाविता येतो. इकडे अंतरेच निराळी आहेत. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहूनही अधिक. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा तर उत्तर-दक्षिण इतका लांबट आहे, की सिरोंच्याच्या रहिवाशास स्वतःच्या जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यापेक्षा प्राणहिता ओलांडून तेलंगणातील मंचेरियालला जाणे सोयीचे पडते. पर्लकोटा नदीचा पूर रस्त्यावर आला की भामरागडास कोणी बाहेरून येऊ शकत नाही. रेल्वेचे म्हणावे तर साऱ्या जिल्ह्यात प्रवाशांच्या उपयोगी पडत आलेले स्थानक एक, ते देसाईगंज अर्थात वडसा. अशा मुलखात हरवलेली किल्ली ही केवळ गैरसोय राहत नाही. तो एक लहानसा मुकदमाच होऊन बसतो, आणि त्याची कागदपत्रे, त्याच्या तारखा व त्याचा खर्च हे सर्व यथास्थित भोगावे लागते.

असे पूर्वी नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक लष्करी जीपगाड्यांना इंजिन चालू करण्यासाठी किल्लीच नव्हती, फिरवायची एक साधी कळ होती. किल्ली फिरविताच इंजिन सुरू व्हावे ही सोय अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये आणली, आणि पुढे अनेक दशके किल्ली म्हणजे निव्वळ धातूचा कातलेला तुकडा राहिला. कोरी किल्ली शिकंज्यात धरून, कानशीने दाते घाशीत, पुन्हा पुन्हा कुलपात घालून पाहत, बाजारातला चाबीवाला तासाभरात ॲम्बेसेडरची वा जुन्या मारुतीची डुप्लिकेट हाती देत असे. ट्रॅक्टरांच्या बाबतीत तर ही सुलभता आजही बरीचशी टिकून आहे. एकाच कंपनीच्या अनेक ट्रॅक्टरांना एकच किल्ली चालत असल्याने, धानाच्या पट्ट्यात किल्ली हरविलेला शेतकरी शेजाऱ्याची मागून आणतो व आपले काम उरकतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही व्यवस्था शोचनीय आहे हे खरे. परंतु ऐन हंगामात तिची उपयुक्तता नाकारता येईल असे मला वाटत नाही.

मोटारींच्या बाबतीत मात्र चोरांनी कारखानदारांस स्वस्थ बसू दिले नाही. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विद्युत्‌रोधाची एक गुटी बसविली. रोधाची मूल्ये पंधरा ठरविलेली होती, आणि त्यांपैकी नेमके ठरलेले मूल्य भेटल्यावाचून गाडी सुरू होत नसे. पंधराच पर्याय, म्हणजे चिकाटीच्या चोरास ते फारसे अवघड नव्हते. तेव्हा पुढची पायरी आली ती चिपची. युरोपीय संघाने १९९५ मध्ये निर्देश काढून १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींत इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी किल्लीने इंजिन चालू न देणारी यंत्रणा, सक्तीची केली, आणि तेच तंत्र यथावकाश आपल्याकडील गाड्यांतही रुळले. मारुतीने तिला आयकॅट्स असे नाव दिले. बाजारात मात्र तिला ‘सेन्सरवाली चाबी’ म्हणतात.

या किल्लीची रचना जरा बारकाईने समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढचा सारा खटाटोप तिच्यावरच अवलंबून आहे. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. किल्ली फिरविली की त्या वेटोळ्यातून बहुधा १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्या क्षेत्राच्याच शक्तीवर चिप जागी होते आणि आपला गुप्त क्रमांक सांगते. नंतरच्या पद्धतीत क्रमांक उघड सांगितला जात नाही. गाडीचा संगणक दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या विचारतो, चिप आपल्याजवळील गुपिताने तिचे रूपांतर करून उत्तर देते, आणि उत्तर जुळले तरच इंधनाचा व ठिणगीचा मार्ग मोकळा होतो. हे गुपितही अभेद्य नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी २००५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चाळीस बिटांच्या अशाच एका चिपचे संकेतन फोडून दाखविले. पण रस्त्यावरच्या चोरास ते दुष्कर, आणि दुर्दैवाने रस्त्यावरच्या मालकासही तितकेच दुष्कर. कानशीने घासलेली किल्ली दार उघडते, कुलपात फिरते, स्टार्टरही क्वचित घुरघुरतो; क्षणभराने इंजिन बंद पडते आणि समोरच्या फलकावर किल्लीच्या आकाराचा दिवा मिचकावू लागतो. मालक बॅटरी बदलतो, मेकॅनिक पेट्रोल तपासतो, आणि दोष मात्र मुठीतल्या रिकाम्या जागेत असतो.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. रिमोटची बॅटरी संपली म्हणजे किल्ली निकामी झाली, असे नव्हे. दार दुरून उघडणारा रिमोट आणि इंजिनास ओळख पटविणारी चिप ही एकाच मुठीत राहणारी दोन स्वतंत्र बिऱ्हाडे आहेत. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांतही, बॅटरी संपल्यास किल्लीच्या पोटात दडविलेले लहान पाते काढून दार उघडता येते आणि किल्ली त्या बटणाशी, किंवा पुस्तिकेत दाखविलेल्या जागी, टेकविली असता बहुतेक गाड्या सुरू होतात. ही बॅटरी पुष्कळदा सीआर २०३२ या क्रमांकाची, घड्याळाच्या दुकानात मिळणारी असते. गडचिरोलीच्या पलीकडे प्रवासास निघणाऱ्याने ती खिशात ठेवावी. किल्ली पाण्यात पडून सापडली, तर बॅटरी तत्काळ काढून मूठ उघडून सावलीत वाळवावी. रिमोट गेला तरी बंदिस्त चिप अनेकदा वाचते.

किल्ली खरोखरच गेली असे निश्चित झाल्यावर पहिला मोह होतो तो गाडी दोरी बांधून ओढून नेण्याचा. तो टाळावा. किल्लीवाचून स्टिअरिंगचे कुलूप उघडत नाही, त्यामुळे चाके वळत नाहीत, आणि मूल-चंद्रपूर रस्त्यावर, लोहारा व चिचपल्लीच्या अरण्यातून, न वळणारी गाडी ओढणे म्हणजे दुसऱ्या अपघातास निमंत्रण होय. गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. त्याच रस्त्यावर अंधार पडल्यावर पडलेली किल्ली शोधीत पायी हिंडू नये, हे या भागातील वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. बाहेरून आलेल्यांस सांगावे लागते.

घरी दुसरी किल्ली असेल तर प्रश्न वाहतुकीचा उरतो, आणि तो एसटीच्या पार्सल व्यवस्थेने, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या परिचिताच्या हाती देऊन, सुटतो. दुसरी नसेल तर कागदपत्रांचे प्रकरण सुरू होते. ज्या ठाण्याच्या हद्दीत किल्ली हरविली तेथे अर्ज द्यावा. गडचिरोलीत हे ठाणे नसून उपपोलीस स्टेशन अथवा पोलीस मदत केंद्रही असू शकेल. पुष्कळ लोक ठाणे अंमलदाराशी ‘एफआयआर’साठी हुज्जत घालतात. ती व्यर्थ आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमान्वये, किंवा तत्पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ व्या कलमान्वये, प्रथम खबर नोंदविली जाते ती दखलपात्र गुन्ह्याची. वस्तू हरविणे हा कोणाचाही गुन्हा नसल्याने तिची केवळ गहाळ म्हणून नोंद होते व तिचा दाखला मिळतो. किल्ली असलेली पिशवीच कोणी पळविली असेल, तर मात्र तसे स्पष्ट सांगून चोरीची फिर्याद द्यावी. विमा कंपनी या दोन कागदांत भेद करते.

तो दाखला, नोंदणी प्रमाणपत्र, विम्याची प्रत, मालकाचे ओळखपत्र आणि अर्ज, इतके दस्तऐवज घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे जावे लागते. गाडी भावाच्या वा मुलाच्या नावे असेल तर त्याचे अधिकारपत्र हवे. ही छाननी जाचक वाटते, पण तिच्याविषयी माझी तक्रार नाही; ती नसती तर कोणीही कोणाच्याही गाडीची किल्ली करून घेतली असती. नव्या गाडीबरोबर किल्लीच्या जुडग्याला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा एक चिमुकला बिल्ला येतो व त्यावर किल्लीचा क्रमांक असतो. तो बिल्ला जपलेला असेल तर दाते कातण्याचे काम सुकर होते. मग किल्ली कंपनीकडून मागविली जाते, तिला आठवडा लागतो, कधी पंधरवडा लागतो, आणि ती आल्यावरही गाडी यंत्राशी जोडून ओळख करून द्यावी लागते, म्हणजे किल्ली येथे आणि गाडी एटापल्लीस, असे असून भागत नाही. काही ठिकाणी सरसकट सगळा लॉकसेटच बदलण्याचा सल्ला देतात. तो स्वीकारण्यापूर्वी केवळ किल्ली का होत नाही, हे लेखी विचारावे.

दुसरा मार्ग स्वतंत्र कारागिराचा. आज हा कारागीर कानशीबरोबर स्कॅनर आणि लॅपटॉपही बाळगतो. चालती किल्ली समोर असेल तर तिच्या चिपची नक्कल करणे त्यास पुष्कळदा थोड्या वेळाचे काम असते आणि खर्च काही हजारांच्या आत राहतो. एकही किल्ली उरली नसेल तर त्यास गाडीच्या इलेक्ट्रॉनिक पेटीतून गुपित वाचून काढावे लागते, त्यात जोखीम आहे, आणि अवघड गाडी असल्यास चंद्रपूरकरासही अखेर नागपूरकडेच पाहावे लागते. किल्ली नक्कल केलेली आहे की स्वतंत्र नोंदविलेली, हे अवश्य विचारून घ्यावे. नक्कल व मूळ यांत गाडीस भेद कळत नाही. त्यामुळे पुढे त्यांतली एक हरविली तर तेवढीच बाद करता येत नाही. स्वतंत्र नोंदविलेली असेल तर हरविलेलीची नोंद पुसून टाकता येते, आणि ती पुसून घेणे, विशेषतः किल्लीबरोबर घराचा पत्ताही गेला असल्यास, अगत्याचे आहे. मात्र इंजिनास ती किल्ली अनोळखी झाली तरी तिच्या पात्याने दार उघडतेच, हे विसरू नये.

विम्याविषयी दोन शब्द. किल्ली बदलून देण्याचे संरक्षण नेहमीच्या मोटार विम्यात सहसा नसते. थोडा अधिक हप्ता भरून ते जोडून घ्यावे लागते. आणि गाडी चोरीस गेल्यास दावा मंजूर करताना विमा कंपन्या मूळच्या दोन्ही किल्ल्या मागतात. एकच हजर करणाऱ्यावर, दुसरी कोठे गेली याचा खुलासा करण्याची पाळी येते, आणि त्या वेळी जुना गहाळ दाखला हाच त्याचा आधार असतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर याबाबत फारच दक्ष असावे. हस्तांतरणाच्या २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांत प्रमाणपत्राची चौकशी आहे, किल्ल्यांची नाही. तेव्हा ती चौकशी आपणच, पैसे देण्यापूर्वी, करावी, आणि दोन्ही किल्ल्यांनी गाडी प्रत्यक्ष चालू करून पाहावी. कपाटात पाच वर्षे पडून राहिलेली दुसरी किल्ली म्हणजे चालणारी किल्ली, असे गृहीत धरता येत नाही.

ज्यांच्या घरात आज एकच किल्ली उरली आहे, त्यांनी नागपूरची वा चंद्रपूरची पुढची फेरी निघेल तेव्हा गाडी, नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि ती एक किल्ली बरोबर न्यावी व दुसरी करूनच परतावे.